दोन चवथींमधलं अंतर

ज्या बाईचा घोव मुंबईला, तिला अधिक महिना कळायला पंचांग लागायचं नाही. आमचा गाव मालवण आणि कणकवली यांच्या मधला. आमच्याकडे गणेशचतुर्थीला चवथ म्हणतात, आणि गिरणीत कामाला असलेली माणसं वर्षातून एकदा घरी यायची ती बहुतेक करून चवथीला. एका चवथीपासून पुढची चवथ साधारण ३५४ दिवसांनी येते, कारण चांद्रवर्षच तेवढं असतं, सौरवर्षाहून अकरा दिवसांनी तोकडं. पण दर बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी पंचांगात एक जादा महिना पडतो आणि त्या खेपेला हेच अंतर ३८३-३८४ दिवसांवर जातं. २०२२ साली चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ साली १९ सप्टेंबरला. चंद्र आणि सूर्य यांचा मेळ बसावा म्हणून पंचांगकर्ते हा महिना घालतात. माझ्या आजीला त्याचा एकच अर्थ ठाऊक होता. ‘औंदा एक म्हयनो जास्ती,’ ती म्हणायची आणि कामाला लागायची. घाटावर या धोंड्याच्या महिन्यात जावयाला घरी बोलावून तेहेतीस अनारशांचं वाण देतात. आमच्या वाडीतले जावईच मुंबईत. मग अनारसे डब्यात भरून, मुंबईला निघालेल्या कुणाच्या तरी हाती पाठवले जायचे.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षं कोकणातले पुरुष तिकडे जात राहिले. कातळाची जमीन, भाताचे बोटभर रुंदीचे चोंढे, वर खोताचा वाटा. पिकलेलं भात शिमग्यापर्यंत पुरलं तर नशीब. शेत सोडलं तर कूळ म्हणून असलेला हक्क जाणार, आणि शेतावर सगळी राहिली तर पोट भरणार नाही. तेव्हा पुरुष गेला आणि बाई राहिली. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यात १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्गही होता. त्या जिल्ह्याच्या जनगणनेच्या तक्त्यात पिढ्यान्‌पिढ्या बायका जास्त आणि पुरुष कमी दिसतात. २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया होत्या, आणि तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचा आकडा साडेनऊशेच्याही खाली होता. लोकसंख्येचे अभ्यासक या आकड्याला स्थलांतराची खूण म्हणतात. मला त्यात घराघरातल्या माजघरात एकेकटी निजणारी बाई दिसते.

आजी ते वर्ष कसं काढायची, हे तिनेच सांगितलेलं आहे, आणि काही तिच्या धाकट्या जावेने. जात्याच्या मागे मातीची भिंत होती. त्या भिंतीवर, उभं राहिलं तर दिसणार नाही पण दळायला बसलं की डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, चुलीतल्या कोळशाने ओढलेल्या रेघा असायच्या. मला वाटायचं, एक दिवस म्हणजे एक रेघ. तसं नव्हतं. ‘दिस मोजूक लागलंय तर पिसा लागात,’ ती म्हणाली होती. दिवस मोजायला लागलं तर वेड लागेल, म्हणून तिने अमावस्या मोजल्या. रेघ अमावस्येची, आणि पौर्णिमेला तिच्या शेजारी एक टिंब. आजोबा परत गेले त्यानंतरच्या पहिल्या अमावस्येला पहिली रेघ. बारा रेघा पुऱ्या होत आल्या की चवथ जवळ. अधिक महिन्याच्या वर्षी तेरावी रेघ, ती थोडी आडवी, कलती. धाकट्या जावेचं म्हणणं, ती कलती रेघ आजी जरा दाबून ओढायची, कोळसा मोडायचा.

चवथीच्या आधी घर काढायचं असतं. भिंतीवर नवी माती, त्यावर शेणाचा हात, वर गेरू. त्या सारवणाखाली वर्षभराच्या रेघा जायच्या. म्हणजे आजोबा उंबरा ओलांडून आत यायचे तेव्हा भिंत कोरी, ओली, तांबूस. त्यांनी त्या रेघा कधी पाहिल्याच नाहीत. मी त्यांना एकदा विचारलं होतं. भिंतीवर रेघा होत्या हे ऐकून ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग उठून गोठ्यात गेले.

दोन अमावस्यांच्या मधला काळ आजीकडे मोकळा नव्हता. पावसाळ्यात तो नक्षत्रांनी भरायचा. मृग जूनच्या सात-आठ तारखेला लागतो, पुढे साडेतेरा-चौदा दिवसांनी एकेक नक्षत्र बदलतं: आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त. पुनर्वसूचा पाऊस तरणा, पुष्याचा म्हातारा. मृगात पेरणी, आर्द्रात नांगरट आणि लावणीची घाई, तरण्या पावसात गुडघाभर चिखलात वाकलेली पाठ. आजी सांगायची, लावणीच्या दिवसांत माणसाची आठवण येत नाही, कारण रात्री अंग टाकलं की झोप लागते. आठवण येते ती म्हाताऱ्या पावसात, लावणी आटोपल्यावर, हात जरा मोकळे झाले की. शेतात भात उभं असतं, करण्यासारखं फार नसतं, पागोळ्या एकसारख्या गळत असतात. एकटेपणा वर्षभर सारखा नव्हता, त्याचंही हवामान होतं, असं तिच्या बोलण्यातून मला उमगत गेलं. ज्येष्ठात तो जवळपास नसायचा. श्रावणात फार. कार्तिकात, भात झोडून झाल्यावर, पुन्हा एकदा. पुस्तकात विरह म्हणून जे वाचलं, ते सगळं एकाच रंगाचं होतं. आजीच्या सांगण्यात त्याला शेतीची लय होती, आणि मला तिचंच जास्त खरं वाटतं.

आणखी एक गोष्ट पंचांगातूनच दिसते. भाद्रपदात घरी आलेल्या माणसाची मुलं वैशाख-ज्येष्ठात जन्मतात. माझे वडील मृगाच्या तोंडावर झाले, मधले काका रोहिणीत, आत्या आर्द्राच्या पहिल्या पावसात. वाडीतल्या निम्म्या पोरांची हीच गत. शाळेतले गुरुजी दाखल्यावर सरसकट १ जून लिहायचे, ते आमच्या बाबतीत फारसं चुकीचं नसायचं. म्हाताऱ्या बायका हे खुलेपणाने बोलायच्या, हसायच्या, आणि त्या हसण्यात मला कधी लाज दिसली नाही.

आता आजोबांची बाजू. ते लालबागला एका गिरणीत साचेवाले होते. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी, आणि वर भोंगा. त्यांचं वर्ष अमावस्यांचं नव्हतं, तारखांचं होतं. पाळी बदलण्याची तारीख, पगाराची तारीख, खानावळीचे पैसे चुकवण्याची तारीख, पोस्टात मनीऑर्डर करण्याची तारीख. सुरुवातीची काही वर्षं तर ते बदली कामगार होते. बदलीवाल्याने सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी कायम कामगार गैरहजर असेल तर आत जायचं, नसेल तर परत खोलीवर. कायम कामगार गावाला गेला की बदलीवाल्याला काम मिळायचं. एकाची चवथ साजरी व्हायची तेव्हा दुसऱ्याची रोजी सुटायची.

कायम झाल्यावर रजेचा हिशेब सुरू झाला. कारखाने कायदा १९४८ चा. पुढच्या दुरुस्तीनंतर त्यात असं होतं की वर्षात २४० दिवस काम भरलं तर दुसऱ्या वर्षी भरपगारी रजा मिळेल, दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस. २४० दिवसांचे बारा. कुणी वर्षभर आजारपण, लग्नकार्य, मयत काही न बघता तीनशे दिवस साच्यावर उभा राहिला तर पंधरा. ही रजा मिळवायला कामगारांनी किती झगडा केला असेल त्याची मला जाण आहे, आणि ती मिळाली हे फार मोठं होतं. तरीही हे प्रमाण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ त्याच ओळीपाशी थांबलो. वीस दिवस साच्यासमोर, तेव्हा एक दिवस बायकोसमोर. त्यातले जायला-यायला किती जात? बोटी होत्या तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून निघून जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड करत मालवणला, आणि खोल पाण्यात उभ्या बोटीतून पडावात उतरून किनाऱ्याला. पण बोटी पावसाळ्यात बंद, आणि चवथ पावसात. मग मुंबईहून पुणे-मिरज करत कोल्हापूरपर्यंत रेल्वे, तिथून घाट उतरणारी मोटार, आणि शेवटचे काही कोस नदीनाल्यांतून पायी. जाऊन-येऊन चार दिवस सहज मोडायचे. त्याहून जास्त राहायचं तर बिनपगारी, आणि साचा हातचा जायची भीती.

आजोबा जिथे जेवायचे त्या खानावळीच्या बाईकडे एक लांबोळकी वही होती. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे महिन्याचे रकाने, जेवला त्या दिवशी रेघ, आला नाही त्या दिवशी शून्य. शून्याला खाडा म्हणायचे, आणि खाड्याचे पैसे कापून मिळायचे. गिरणीच्या हजेरीपटावरही खाडाच. भाद्रपदातले जे दिवस आमच्या घरी रांगोळ्यांचे, पातोळ्यांचे, आरत्यांचे, ते तिकडच्या दोन्ही वह्यांत रिकाम्या गोळ्यांची एक रांग होऊन पडलेले असायचे. खानावळ चालवणाऱ्या या बायकाही बहुतेक करून गावाकडून आलेल्या, कुणाचा नवरा गेलेला, कुणाचा आजारी. दहा-दहा, वीस-वीस पुरुषांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालायचं आणि वाण्याचं उधार डोक्यावर वागवायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा कुठे त्यांना बँकेचं कर्ज मिळायची वाट झाली. आजोबांच्या खानावळीतली बाई त्यांच्या वाढदिवसाला नव्हे, त्यांच्या गावाला जायच्या आदल्या रात्री शिरा करायची. तिला प्रत्येकाची जायची तारीख तोंडपाठ. आजीला ही गोष्ट ठाऊक होती आणि तिने त्या बाईसाठी दरवर्षी सोलं आणि कुळथाची पिठी धाडली. दोघी एकमेकींना कधी भेटल्या नाहीत.

पत्रांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आजीला लिहिता येत नव्हतं. पत्र गुरुजी लिहायचे, आलेलं पत्र पोस्टमन ओटीवर बसून सगळ्यांसमोर वाचायचा. सासऱ्यांचं पथ्यपाणी, गाय व्यायली, पावसाने बांध फुटला, पैसे पोचले. चार माणसांच्या देखत जे सांगता येईल तेवढंच त्या कागदावर. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, दोन ओळी मावतील एवढी. आजोबा तिच्यावर फक्त पुढच्या मनीऑर्डरची तारीख लिहायचे. मला पूर्वी हे कोरडेपणाचं वाटायचं. आज वाटतं, त्या माणसाला जे जे कबूल करता येण्यासारखं होतं त्यातलं सगळ्यांत पक्कं तेच होतं. आणि ती तारीख चुकायची नाही.

मोजणं कसं घात करू शकतं याची एक गोष्ट आजोबा सांगायचे, ती त्यांच्या गाळ्यातल्या एका म्हाताऱ्याची. गाळा म्हणजे गावकरी मंडळाची खोली. वीस-पंचवीस पुरुष, प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी, पाळीपाळीने झोपणं. हा म्हातारा पेणकडचा. १९४७ च्या जुलैत त्याचा थोरला भाऊ घरी निघाला. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे गणपती लांबले होते, सप्टेंबरच्या उत्तरार्धात जाणार होते. तेवढं थांबवेना, म्हणून भावाने आषाढातली अमावस्या साधायचं ठरवलं. १७ जुलै १९४७, गुरुवार. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट त्या सकाळी काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती. पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांच्या तोंडून मुंबईला बातमी कळली तोवर संध्याकाळ व्हायला आली होती. अमावस्या सरली आणि अधिक श्रावण लागला. म्हातारा सांगायचा, वहिनीने पुढचा महिनाभर मानलंच नाही. ती म्हणे, त्यांची यायची वेळ चतुर्थीची, चतुर्थी अजून झाली कुठे? आजोबा ही गोष्ट सांगताना इथे थांबायचे. चतुर्थी झाल्यावर काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

काही दिवस मोजताच येत नाहीत, हेही आमच्या मुलखात आहे. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा कुठल्या तिथीला नसते, कुठल्या तारखेलाही नसते. शिकारीचा विधी होतो, देवीला कौल लावतात आणि देवी सांगेल तो दिवस. तो जाहीर होईपर्यंत मुंबईतल्या कुणालाही रजा मागता येत नाही, तिकीट काढता येत नाही. तरी लाखांनी माणसं येतात. आजीला ती जत्रा आवडायची. चवथीची वाट पाहावी लागते, ही जत्रा आपण होऊन अंगावर येते, असं ती म्हणायची. एखाद्या वर्षी आजोबा त्या निमित्ताने दोन रात्रींसाठी अचानक येऊन उभे राहिले होते. भिंतीवरच्या हिशेबात नसलेल्या त्या दोन रात्रींचं वर्णन ती सगळ्यांत जास्त करायची.

१९७३ साली कालनिर्णय निघालं. काढणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, म्हणून आमच्याकडे त्याचं जरा जास्तच कौतुक. त्याआधी आमच्या घरात पंचांग होतं ते भटजींच्या काखोटीला, आणि भिंतीवर कुठल्याशा दुकानाचं देवाचं चित्र, खाली बारीक तारखा. कालनिर्णयाच्या एका चौकोनात वर ठसठशीत तारीख आणि खाली तिथी, नक्षत्र, सण. आजोबांनी डिसेंबरात गाववाल्याच्या हाती एक घरी पाठवलं आणि तसंच दुसरं गाळ्यात लावलं. आजीला अक्षरं येत नव्हती, अंक येत होते. माझ्या आत्याने तिला एकदा तिथी कुठे छापलेली असते ते बोटाने दाखवलं. तोवर लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं ती अमावस्यांत राहत होती आणि ते तारखांत. तिला पगाराची तारीख म्हणजे काय ते पोस्टमनवरून कळायचं, त्यांना नक्षत्र म्हणजे काय ते गाळ्याच्या पत्र्यावरच्या पावसावरून आठवायचं. आता दोघांच्या भिंतींवर तोच कागद. आजोबा पत्रात लिहू लागले, अमक्या तारखेपासून माझी रातपाळी. आजी त्या चौकोनांत कोळशाचं टिंब द्यायची आणि त्या आठवड्यात रात्री कंदील जरा उशिरा मालवायची. हे तिने सांगितलेलं नाही. आत्याने पाहिलेलं आहे.

या दोघांच्या संसाराचा हिशेब मी एकदा मांडला. लग्नापासून १९८२ च्या गिरणी संपापर्यंत तीस-बत्तीस वर्षं. वर्षाला पंधरा दिवस, कधी वीस, एखाद्या वर्षी शिमगा धरून महिना. सगळं मिळून एका छपराखालचा काळ दोन वर्षंही भरत नाही. हा आकडा मी वडिलांना सांगितला, तर ते चिडले. म्हणाले, असं मोजायचं नसतं. मला अजूनही वाटतं की मोजलं पाहिजे. ज्या व्यवस्थेने एका माणसाचं मनगट मुंबईत ठेवून घेतलं आणि त्याचं म्हातारपण, आजारपण, पोरंबाळं सगळं गावातल्या एका बाईच्या अंगावर टाकलं, तिच्या नफ्यातोट्याच्या वह्या वर्षानुवर्षं नीट राखल्या गेल्या. या दोन वर्षांची नोंद कुणीतरी करायला हवीच होती. पण वडील चिडले ते का, हेही मला समजतं. न भेटलेले दिवस रिकामे होते असं त्या आकड्यातून निघतं, आणि ते खोटं आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत नेते, कामगार अडीच लाखांच्या आसपास. पहिले काही आठवडे आजोबा तिकडेच होते. मग खानावळीचं उधार वाढायला लागलं, तेव्हा शिमग्याच्या आधी घरी आले. मी तिसरी-चौथीत होतो. मला आठवतं ते घर भरल्याचं. आजोबांची पेटी यंदा खुंटीखाली उघडी न राहता माळ्यावर गेली. आजी पहिले पंधरा दिवस रोज काहीतरी गोडाधोडाचं करत होती. पंधरा दिवस झाले, वीस झाले. त्यांनी एकमेकांबरोबर सलग एवढे दिवस कधी काढलेच नव्हते, आणि दोघांनाही ते जमत नाही हे आम्हा पोरांनाही दिसू लागलं. आजोबांना पहाटे पाळीच्या वेळेला जाग यायची आणि करायला काही नसायचं. त्यांना गुरांची नावं ठाऊक नव्हती. शेताच्या बांधावरून कुणाशी कधी भांडण झालं होतं, कुणाकडे बोलणं बंद आहे, विहिरीचा दोर कुठे ठेवतात, सगळं आजीला विचारावं लागे. आजीला चहाची वेळ बदलावी लागली. ती कुणालातरी म्हणाली, ‘आता काय मोजूचा?’ आणि ते मी ऐकलं.

मोजायला आजोबांनी सुरुवात केली. कालनिर्णयासमोर ते रोज सकाळी उभे राहायचे. आधी आठवडे मोजले, मग महिने. ‘पुढल्या म्हयन्यात भोंगो वाजतलो,’ म्हणायचे. मुंबईहून कुणी आला की त्याच्याकडे रात्री उशिरापर्यंत बसून यायचे. पेपरात तडजोडीची बातमी आली की पेटी माळ्यावरून खाली, बातमी फुसकी निघाली की पुन्हा वर. इतकी वर्षं घरी यायला दिवस मोजलेला माणूस आता घरातून जायला दिवस मोजत होता. मला वाटलं होतं, आजीला याचं वाईट वाटेल. माझ्या आईला तर राग यायचा, की हे इथे असूनही इथे नाहीत. आजीला राग नव्हता. ‘मोजूंदेत त्यांका. माका ठावक आसा ता काय आसता.’ ते काय असतं हे तिला ठाऊक होतं, आणि त्या घरात ते ठाऊक असलेलं दुसरं माणूसच नव्हतं. साच्याची ओढ लागलेल्या नवऱ्याला तिने जितकं समजून घेतलं, तितकं मी नंतर कुणी कुणाला समजून घेतलेलं फारसं पाहिलेलं नाही. ती त्यांना शेतावर घेऊन जाऊ लागली. लावणीला, आवण काढायला. बोलायची नाही, नुसतं काम दाखवायची.

त्या वर्षी पंचांगातही उलथापालथ होती. १९८२-८३ मध्ये अधिक आश्विन आला, पुढे एक महिना चक्क गळाला, आणि पाठोपाठ अधिक फाल्गुन. असा क्षयमास १९६३-६४ नंतर पहिल्यांदाच पडला होता. भटजींनी ते ओटीवर बसून समजावून सांगितलं. वाडीतल्या लोकांनी त्याचा आणि संपाचा संबंध लावला, म्हातारे अजूनही लावतात. मी लावत नाही. पण गिरणीची तारीख पुढे पुढे सरकत होती आणि त्याच वेळी पंचांगातले महिनेही सरळ चालत नव्हते, एवढं खरं.

संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. तो विरत गेला. काही गिरण्या थोड्या माणसांवर सुरू झाल्या, बऱ्याच बंद पडल्या, आजोबांना बोलावणं आलं नाही. शेवटचा दिवस अमुक, असं बोट ठेवून सांगता येईल अशी तारीखच नसल्याने त्यांची मोजणी कुठे थांबवायची हे त्यांना कळलं नाही. दोन-तीन वर्षं ते उभे राहत होते कालनिर्णयासमोर. मग एका मृगात ते पहाटे उठले ते थेट नांगर घेऊन गेले, आणि आजीने भिंतीवरचं ते कालनिर्णय काढून माजघरातून स्वयंपाकघरात, दुधाच्या हिशेबासाठी लावलं. त्यानंतर दोघं सोळा-सतरा वर्षं एकत्र राहिली. भांडली खूप. आजोबांना गुरांची नावं पाठ झाली. माझ्या मते त्यांचा संसार तिथून सुरू झाला असं म्हणणं चूक आहे. तो आधीच्या रेघांवरच उभा होता. पण आजीला यातलं कुठलं आयुष्य जास्त आवडलं असं विचारलं तर ती नेहमी उत्तर टाळायची, आणि मला ते टाळणं प्रामाणिक वाटतं.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली. आता रात्री बसलं की सकाळी कणकवली. मोजणी मात्र आहेच. आधी आरक्षण १२० दिवस अगोदर उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. चवथीपासून उलटे साठ दिवस मोजून ठेवायचे, त्या दिवशी सकाळी आठ वाजता चार-चार फोन घेऊन बसायचं, आणि पाच मिनिटांत प्रतीक्षायादी शेकड्यांत. आजोबांच्या वेळी बायको एकटी होती. आता आमच्या वाडीत बहुतेक घरांत जोडपीच मुंबईला, आणि मागे एखादं म्हातारं माणूस. अकरा दिवस उघडी राहणारी आणि एरवी कुलपातली घरं मोजायला गेलं तर हाताची बोटं पुरत नाहीत. आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांची वाट आजीच्या वाटेहून अवघड आहे असं मला ठामपणे वाटतं. आजीला तारीख होती. मनीऑर्डरीच्या पट्टीवर लिहिलेली, रजेच्या कायद्याने बांधलेली, तुटपुंजी, पण होती. आता मुलं फोनवर रोज बोलतात, व्हिडिओवर तोंडं दाखवतात, आणि कधी येणार असं विचारलं की ‘बघू’ म्हणतात. ‘बघू’ला भिंतीवर रेघ कशी ओढणार?

माझी धाकटी काकी गावात एकटी असते. ती फोनवर कसा आहेस, जेवलास का, असलं काही विचारत नाही. जुलै लागला की एकच प्रश्न, ‘तिकीट झाला काय रे?’ आणि झालं म्हटलं की लगेच तारीख, गाडीचं नाव, किती माणसं, पोरं येणार की नाही, सगळं वदवून घेते. दुसऱ्या दिवसापासून तिच्या हालचाली सुरू होतात: गणपतीच्या शाळेत पाट नेऊन देणं, उकड्या तांदळाचं पीठ, माटवीला बांधायच्या फळांचं कुणाला सांगायचं, विहिरीवरचा पंप दुरुस्त करायला माणूस, वरच्या खोलीतला बल्ब. गेल्या वेळी तिकीट प्रतीक्षायादीत होतं तर मी ‘बघू’ म्हणालो. ती म्हणाली, बघू नको, तारीख सांग; नाही जमलं तर दुसरी सांग, पण आज एक सांग. मी तेरा तारीख सांगितली. तिने फोन ठेवायच्या आधीच शेजारच्या पोराला हाक मारून पाट उतरवायला सांगितला.